पुडीवरचं नाव

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी धाकटी बहीण जोगेश्वरी पूर्वेला राहते. २०२१ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. टाळेबंदीत तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती आणि नवीन नोकरी मिळत नव्हती. मी घाटकोपरहून तिला भेटायला गेलो होतो. चहा झाला. मग तिने स्टीलचा एक डबा आणून माझ्यापुढे ठेवला आणि झाकण उघडलं. घरभर वास दरवळला. आमच्या आईच्या पद्धतीचा, कोकणातला वर्षाचा मसाला. ती म्हणाली, "भाई, हा विकायला काढू का? मोबाइलवरनं ऑर्डर घेईन. दुकान नको, भाडं नको."

मी कवी माणूस. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. हिशेबात माझी गती यथातथाच. तरी त्या संध्याकाळी मी मुरलेल्या व्यापाऱ्यासारखा बोललो. बाजारात नावाजलेले मसाले असताना तुझा कोण घेणार? भांडवल कुठून आणणार? सरकारी परवाने कोण काढणार? मोबाइलवर लोक फसवतात, पैसे बुडाले तर? आणि शेवटी, आवाज थोडा खाली आणून, आपलं नाव वाचून लोक घेतील का?

तिने डब्याला झाकण लावलं. पुढची दोन वर्षं तो विषय निघाला नाही.

त्या दोन वर्षांत तिच्या हातातल्या दोन बांगड्या गहाण गेल्या, हे मला फार उशिरा कळलं. शंका मी काढल्या, किंमत तिने भरली. म्हणून आज मी शंकेबद्दल बोलणार आहे. घरबसल्या काही करावं, मोबाइलवरून विकावं असं मनात असलेल्या पुष्कळ बायका आणि पुरुषही आपल्या उपनगरांतून आहेत. मुलुंडला कुणी दिवाळीचा फराळ करतं, बोरिवलीला कुणी साडीला फॉल-बिडिंग लावून देतं, अंधेरीला कुणी शिकवण्या घेतं. हात तयार असतात. पाऊल मात्र उंबऱ्याच्या आत अडलेलं असतं.

पहिली गोष्ट ही की, घरातून धंदा करणं मुंबईला नवीन नाही. १५ मार्च १९५९ या दिवशी गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. हाताशी होते उसने घेतलेले ८० रुपये. ते दिले छगनलाल करमसी पारेख यांनी, ज्यांना लोक छगनबाप्पा म्हणत. पहिल्या दिवशी तयार झाली ती पापडाची चार पाकिटं. आज 'लिज्जत' हे नाव घराघरांत माहीत आहे आणि त्या संस्थेत चाळीस हजारांहून अधिक भगिनी काम करतात. सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. हे सगळं आपण ऐकलेलं असतं. पण यशाची गोष्ट सांगताना आपण मधला भाग गाळतो, आणि घाबरलेल्या माणसाला हवा असतो तो नेमका मधलाच भाग.

मधला भाग असा. पहिल्याच वर्षी पाऊस आला आणि पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. आपल्यातल्या कुणीही म्हटलं असतं, बघा, मी सांगत होतो! त्या बायकांनी दुसऱ्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. पावसाळ्यातही पापड वाळू लागले. पुढे माणसं वाढली, गच्ची अपुरी पडू लागली, तेव्हा मळलेलं पीठ घरी न्यायचं, घरी लाटायचं आणि तयार पापड आणून वजन करून द्यायचे अशी पद्धत बसली. सांगलीला शाखा काढायचा पहिला प्रयत्न फसला. आगपेट्यांचा उद्योग करून पाहिला, तो चालला नाही. पण छगनबाप्पांनी सुरुवातीलाच दोन गोष्टी मनावर बिंबवल्या होत्या. हलक्या प्रतीचा माल काढायचा नाही आणि हिशेब चोख ठेवायचा. या दोन गोष्टी सुटल्या नाहीत, म्हणून बाकीची अपयशं पचली.

दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं, आणि ते खऱ्या अर्थाने मोबाइलच्या काळातलं. चर्नी रोडच्या उर्मिला आशर या आजीबाईंनी २०२० सालच्या टाळेबंदीत नातवाच्या मदतीने घरची लोणची विकायला सुरुवात केली. तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या घरात होत्या. लोणच्यांमागून ठेपले, ढोकळे असा नाश्ता आला, व्यवसायाला 'गुज्जूबेन ना नास्ता' असं नाव पडलं आणि पुढे टीव्हीवरच्या पाककलेच्या स्पर्धेतही त्या दिसल्या. २०२५ साली त्या गेल्या. त्या वयात त्यांना मोबाइलमधलं सगळं येत होतं असं नाही. हात आजीचे आणि मोबाइल नातवाचा, अशी ती वाटणी होती. आपल्या घरांतूनही हे सहज जमण्यासारखं आहे. ज्या मुलाच्या हातातून आपण मोबाइल काढून घेतो, त्यालाच एकदा म्हणावं, बाबा रे, याच्यावर माझ्या चकल्यांचा फोटो नीट काढून दे.

आता माझ्या बहिणीकडे येतो. २०२३ साली रमजान संपला, ईद झाली आणि एके दिवशी तिने मला फोन केला. म्हणाली, "भाई, तुझ्या पाच शंका मी वहीत लिहून काढल्यात. एकेकीचं उत्तर शोधते. ज्याचं उत्तर सापडणार नाही ते तुला विचारीन."

मला या वहीचं फार कौतुक वाटतं. शंका मनात असते तोवर ती धुक्यासारखी असते, सगळीकडे पसरलेली आणि हाताला न लागणारी. कागदावर लिहिली की दोनांतलं एक होतं. एक तर तिचा सरळ प्रश्न होतो, आणि प्रश्नाला उत्तर शोधता येतं. नाहीतर कळतं की हा प्रश्नच नाही, ही नुसती भीती आहे. 'परवाना कुठे मिळतो?' हा प्रश्न. 'लोक काय म्हणतील?' ही भीती. दोघींना एकाच दोरीने बांधलं की माणूस जागचा हलत नाही.

परवान्याचा प्रश्न सगळ्यांत सोपा निघाला. खाण्याची वस्तू विकायची तर, घरातून का होईना, अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. लहान उत्पादकासाठी ती साधी नोंदणी असते, ऑनलाइन करता येते आणि फी नाममात्र असते. चौदा अंकी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा. दुसरी उद्यम नोंदणी. लहान उद्योगांसाठी ती १ जुलै २०२० पासून सुरू झाली. सरकारी संकेतस्थळावर ती आधार क्रमांकावर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. मोफत हा शब्द मी मुद्दाम पुन्हा उच्चारतो, कारण हुबेहूब सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं त्यासाठी पैसे मागतात.

मग जीएसटी. पूर्वी एखाद्या मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर वस्तू विकायची म्हटलं की, उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी क्रमांक घ्यावाच लागे. कितीतरी गृहिणींचं पाऊल तिथेच अडत होतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट सैल झाली. ज्यांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत आहे आणि जे आपल्याच राज्यात माल विकतात, त्यांना जीएसटी नोंदणीशिवाय अशा ठिकाणी वस्तू विकता येतात. फक्त पॅनवरून एक नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर नियम वेगळे आहेत, तेव्हा एकदा जाणकाराला विचारलेलं बरं. बहिणीला तर या बाजारपेठेचीही गरज नव्हती. तिने व्यापाऱ्यांसाठीचं व्हॉट्सअ‍ॅप मोबाइलवर घेतलं. त्यात वस्तूंचे फोटो आणि भाव लावून ठेवता येतात. झालं तिचं दुकान.

भांडवलाचा प्रश्न. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचं 'शिशु' कर्ज तारणाशिवाय मिळतं, ही योजना ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. बहिणीने चौकशी केली, पण कर्ज घेतलं नाही. म्हणाली, "आधी दहा किलो विकून बघते. दहा किलो गेला नाही तर आपणच वर्षभर खाऊ." हे वाक्य घरगुती धंद्याला लाखमोलाचं आहे. पहिला माल तेवढाच करावा, जो न खपला तर आपलं घर बुडणार नाही. दुकान काढणाऱ्याला हे स्वातंत्र्य नसतं. त्याला पहिल्या दिवसापासून भाडं चुकत नाही. घरातून विकणाऱ्याला लहान राहून शिकायला मिळतं, हाच त्याचा मोठा फायदा.

खरी अडचण आली ती कुणाच्याच ध्यानात न आलेल्या ठिकाणी. आमची आई मसाला करायची तो मुठीने आणि डोळ्याने. धणे किती? तर 'चार मुठी आणि वर थोडे.' घरात हे चालतं. गिऱ्हाइकाला मात्र जूनमधला आणि डिसेंबरमधला मसाला एकाच चवीचा हवा असतो. आई गावी असते, थकली आहे. बहीण काटा घेऊन गावी गेली. आईला म्हणाली, "तू मूठ भर, मी वजन करते." तीन वेळा मूठ भरली, तीन वेळा वजन वेगळं आलं. आई हसायला लागली. शेवटी सरासरी काढून वहीत ग्रॅम लिहिले गेले. बेडगी मिरची रंगासाठी, लवंगी तिखटपणासाठी, धणे, बडीशेप, दगडफूल, सगळं आकड्यांत बसलं. आईची मूठ अशी कागदावर आली. मी कवी असून मला हे कधी सुचलं नव्हतं.

मग भावाचा प्रश्न. मिरची, बाकीचं सामान, डंकावरची कुटणावळ, पिशवी, लेबल धरून तिला त्या वर्षी किलोमागे ६२० रुपये खर्च आला. तिने भाव ठरवला ७००. "एवढाच?" मी विचारलं. "ओळखीची माणसं आहेत, जास्त कसे घ्यायचे?" मग दोघं बसून हिशेब केला. दहा किलोला सुटणार ८०० रुपये. सामान आणणं, निवडणं, उन्हात वाळवणं, भाजणं, कुटून आणणं, भरणं यांत तिचे पुरे तीन दिवस गेले होते. म्हणजे दिवसाला पावणेतीनशेसुद्धा पडत नव्हते, आणि सांडलवंड, नमुन्याच्या पुड्या त्यात धरलेल्याच नव्हत्या. घरातली बाई मिरचीची किंमत धरते, मीठाची धरते; आपल्या हातांची धरत नाही. आयुष्यभर कुणी धरलेली नसते, तिलाही तशीच सवय लागते. पुढच्या खेपेला भाव ९०० झाला. दोन गिऱ्हाइकं कमी झाली, पण धंदा धंद्यासारखा दिसू लागला.

फसवणुकीची माझी शंका मात्र खरी ठरली. तिसऱ्या महिन्यात तिला एक फोन आला. समोरचा म्हणाला, मी सैन्यातला अधिकारी आहे, आमच्या मेससाठी वीस किलो मसाला हवा आहे, आगाऊ पैसे देतो. त्याने एक क्यूआर कोड पाठवला. म्हणाला, स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. वीस किलोच्या ऑर्डरच्या आनंदात तिने पिन टाकला. पैसे आले नाहीत, गेले. चार हजार गेले. कसला अधिकारी आणि कसली मेस!

मी ही गोष्ट सांगतो ती तुम्हाला घाबरवायला नाही. एकच नियम पाठ करून ठेवा. मोबाइलवर पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन लागतो तो फक्त पैसे देताना. कुणी पैसे देतो म्हणून पिन टाकायला सांगितलं की समजावं, हा देणारा नव्हे, नेणारा आहे. आणि चूक झालीच तर लाजत बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. माझी बहीण चार दिवस गप्प बसली. मला कळलं तर मी 'सांगत होतो' म्हणेन, याची तिला भीती वाटली होती. फसवणाऱ्याने चार हजार नेले. ते परत मिळवण्याची वेळ माझ्या भीतीने नेली. दुसरी सूचना म्हणजे, 'घरबसल्या कमवा' असं सांगून आधी नोंदणीचे पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. काम देणारा माणूस आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून घेत नाही.

आता शेवटची शंका. आवाज खाली आणून मी विचारली होती ती. आपलं नाव वाचून लोक घेतील का?

बहिणीने आधी यातून वाट काढायचं ठरवलं होतं. पाकिटावर फुलाचं चित्र आणि एखादं गोड, कुणाचंच नसलेलं नाव. पण लेबलाचे नियम वाचले तेव्हा कळलं की घटक, वजन, तयार केल्याची तारीख, टिकण्याची मुदत, शाकाहाराची हिरवी खूण, नोंदणी क्रमांक यांच्याबरोबर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ताही छापावा लागतो. त्या रात्री तिने मला फोन केला. बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. मग मी तिला माझी एक जुनी गोष्ट सांगितली.

मी कॉलेजात असताना मासिकांना कविता पाठवायचो. सोबत परतीचं, तिकीट लावलेलं पाकीट. महिन्याभराने तेच पाकीट घरी यायचं, आत छापील चिठ्ठी, 'साभार परत'. तेव्हा एका मित्राने सुचवलं, टोपणनाव घे, तुझ्या नावामुळे परत येत असतील. मी एक टोपणनाव घेतलं, छान सुटसुटीत. त्या नावाने पाठवलेल्या कविताही साभार परत आल्या! तेव्हा समजलं, कविताच कच्च्या होत्या. पुढे माझ्या खऱ्या नावाने पहिली कविता छापून आली, तेव्हा मोठ्याने हसून मी ती आईला दाखवली. टोपणनावाने छापली असती तर कुणाला दाखवली असती?

माझं नाव कधीच कुणाला खटकलं नाही, असं मी म्हणणार नाही. खोटं बोलून धीर देता येत नाही. पण जगात किती दारं बंद आहेत ते घरात बसून मोजता येत नाही. वाजवून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि बहुतेक दारं आपण वाजवलेलीच नसतात.

तिने पूर्ण नाव छापलं. ठळक अक्षरांत, फुलाच्या चित्राखाली.

पहिल्या दहा किलोतल्या तीन पुड्या मी स्वतः पोचवल्या. जोगेश्वरीहून लोकलने अंधेरी, तिथून मेट्रोने घाटकोपर. पिशवीतून असा वास सुटला होता की डब्यातले एक गृहस्थ विचारते झाले, काय आहे हो? त्यांनी एक पुडी हातात घेतली, लेबल वाचलं, वरपासून खालपर्यंत. माझ्या छातीत धडधडत होतं. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "मालवणीपेक्षा तिखट आहे का?"

एक फोन असाही आला की पत्ता ऐकल्यावर बाईंनी 'नंतर कळवते' म्हटलं आणि कळवलं नाही. तोही वहीत नोंदलेला आहे. पण वहीची बाकीची पानं दुसऱ्याच प्रश्नांनी भरली आहेत. माशाला किती घालायचा? मुलं खातील का? कमी तिखट मिळेल का? मागच्या खेपेला मीठ थोडं जास्त वाटलं, असंही. लोकांना स्वयंपाक करायचा असतो, त्यांच्या बहुतेक शंका मसाल्याबद्दलच्या असतात.

ती लखपती झालेली नाही. एप्रिल-मेमध्ये हाताला उसंत नसते, पावसाळ्यात धंदा मंदावतो. नवऱ्याला आता नोकरी आहे. कुटून आणायचं आणि पोचवायचं काम तो रविवारी करतो. एक बांगडी सुटली आहे, दुसरी अजून गहाण आहे.

तुमच्या घरातही असा एखादा झाकण लावलेला डबा असेल. कुणी तो तुमच्यापुढे आणून ठेवला, तर माझ्यासारखं बोलू नका. आधी बोटाने चव घ्या. मग एक वही द्या आणि म्हणा, तुझ्या सगळ्या शंका यात लिही, आपण दोघं बसून उत्तरं शोधू. आणि डबा तुमचाच असेल, तर दहा किलोही नकोत. एक किलो करा. पुडीवर आपलं नाव घाला. न खपलं तर घरात खाऊ, असं म्हणा आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाका.